झिजला की उपाशी राहिला?

वसईच्या किनारपट्टीवरच्या कळंबहून परळला जायचं तर पहाटेच निघावं लागतं. आधी रिक्षा किंवा बस करून नालासोपारा स्टेशन, मग लोकलने पंचेचाळीसेक किलोमीटरवर दादर, आणि तिथून टाटा हॉस्पिटलपर्यंतचा शेवटचा टप्पा. लोकलमध्ये दिव्यांग आणि कर्करुग्णांसाठी वेगळा डबा असतो. तो गाठता आला तर बसायला मिळतं. शौचालय मात्र कुठल्याच डब्यात नाही. त्यामुळे गुदाशयाचा कॅन्सर असलेला किंवा केमोने जुलाब लागलेला माणूस आदल्या रात्रीपासूनच खाण्यावर हात आखडतो. सकाळी रक्त द्यायचं म्हणून पोट रिकामं. स्कॅन असला तर पाण्याचा घोटही जपून. दुपार कलल्यावर नंबर लागतो, संध्याकाळच्या गर्दीत परतीची गाडी पकडायची, घरी पोचेतो दिवे लागलेले. दिवसभरात पोटात काय गेलं, याचा हिशेब केला तर दोन चहा, बिस्किटाचा पुडा आणि फार तर एक शहाळं. अशा फेऱ्या महिन्यात तीन-चार. मग शेजारीपाजारी म्हणतात, ‘अंग किती उतरलं! रोगानं खाल्लं बिचाऱ्याला.’

रोगाने खाल्लं हे खरंच आहे, पण किती? अन्ननलिका, जठर, स्वादुपिंड, यकृत, पित्ताशय, आतडी या पचनमार्गाच्या कॅन्सरांत माणूस वाळतो त्याची कारणं दोन, आणि ती एकमेकांत इतकी गुंततात की घरच्यांना काय, पुष्कळदा डॉक्टरांनाही वेगळी काढता येत नाहीत. एक कारण म्हणजे रोगाने शरीराच्या चयापचयात केलेली उलथापालथ. दुसरं साधं आहे, उपासमार. पहिल्यावर आजही खात्रीचा उतारा नाही. दुसऱ्यावर आहे, आणि तो बराचसा स्वयंपाकघरात आहे. गेल्या पन्नासेक वर्षांतलं या विषयावरचं संशोधन वाचताना मला एक गोष्ट पुन:पुन्हा जाणवली. आपल्याकडे उपासमारीचा वाटाही रोगाच्याच खात्यावर मांडला जातो, आणि एकदा तसा मांडला की त्यावर कुणी काही करत नाही.

ही झीज माणसाला फार जुनी ओळखीची आहे. ग्रीक वैद्यांनी तिला ‘कॅकेक्सिया’ म्हटलं, म्हणजे शरीराची वाईट अवस्था. आयुर्वेदाने मांसक्षय हा शब्द ठेवला. आधुनिक काळात तिचा हिशेब मांडायला सुरुवात झाली ती शवविच्छेदनाच्या टेबलावर. 1932 साली शील्ड्स वॉरेन या अमेरिकी रोगनिदानतज्ज्ञाने कॅन्सरने दगावलेल्या 500 जणांची विच्छेदनं तपासली, तर साधारण पाचातल्या एकाच्या बाबतीत मृत्यूचं कारण म्हणून या खंगण्यापलीकडे दुसरं काही ठळक सापडेना. 1980 साली डीवीस आणि सहकाऱ्यांनी केमोथेरपीच्या बारा चाचण्यांमधल्या 3,047 रुग्णांची नोंद पाहिली. औषधाचा पहिला थेंब शिरेत जाण्याआधीच किती जणांचं वजन उतरलेलं होतं, हे त्यांना बघायचं होतं. कॅन्सरच्या प्रकारानुसार हा आकडा 31 टक्क्यांपासून 87 टक्क्यांपर्यंत गेला, आणि सर्वांत वरच्या टोकाला होते जठर आणि स्वादुपिंड. उतरलेल्या वजनाचे रुग्ण कमी जगले. ‘केमोने माझा माणूस वाळवला’ अशी तक्रार सर्रास ऐकू येते. ती पुष्कळदा अर्धीच खरी असते. वाळणं आधीच सुरू झालेलं असतं. त्याच्याकडे कुणी बघितलेलं नसतं, एवढंच.

व्याख्या फार उशिरा ठरली. 2011 साली केनेथ फिअरन यांच्या पुढाकाराने जगभरच्या तज्ज्ञांनी एकमत केलं, ते असं: सहा महिन्यांत पाच टक्क्यांहून जास्त वजन गेलं तर ती कॅकेक्सिया. माणूस मुळातच सडपातळ असेल किंवा त्याचे स्नायू आटलेले असतील, तर दोन टक्क्यांहून जास्त घटही पुरे. साठ किलोच्या माणसाला पाच टक्के म्हणजे तीन किलो. तीन किलो उतरले तर आपण म्हणतो, ‘बरं झालं, जरा हलका झाला.’ त्याच एकमताने तीन पायऱ्याही सांगितल्या. पहिली, झीज नुकती सुरू होते ती. दुसरी, उघड झिजण्याची. आणि तिसरी, जिथून शरीर परत फिरत नाही. सगळा खटाटोप पहिल्या दोन पायऱ्यांवर करायचा असतो. आपल्याकडे आहारतज्ज्ञाची आठवण येते ती बहुधा तिसरीवर.

‘सार्कोपेनिया’ हा कॅकेक्सियाचा सख्खा शेजारी. आयर्विन रोझेनबर्ग यांनी 1989 साली वाढत्या वयाबरोबर होणाऱ्या स्नायूंच्या झिजेसाठी हा शब्द घडवला. पुढे तो कॅन्सरच्या दवाखान्यातही शिरला, आणि तिथे त्याने एक मोठा गैरसमज मोडला. तो असा की काट्यावरचं वजन म्हणजे प्रकृती. 2008 साली कार्ला प्राडो आणि सहकाऱ्यांनी कॅनडात फुप्फुस आणि पचनमार्गाच्या कॅन्सरचे लठ्ठ रुग्ण तपासले. वरून सगळे धट्टेकट्टे. सीटी स्कॅनमध्ये कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवर स्नायूंचं क्षेत्रफळ मोजलं, तेव्हा सुमारे पंधरा टक्के जणांत चरबीच्या आवरणाखाली स्नायू फारच कमी उरले होते. असे रुग्ण सरासरी दहाएक महिने कमी जगले. गंमत म्हणजे यासाठी नवी तपासणी करावी लागत नाही. पचनमार्गाच्या कॅन्सरच्या बहुतेक रुग्णाचा पोटाचा स्कॅन झालेलाच असतो. गाठ किती मोठी, कुठे पसरली, हे त्यातून वाचलं जातं. शेजारचे स्नायू त्याच चित्रात असतात. त्यांच्याबद्दल अहवालात सहसा एक ओळ नसते.

आपल्यासाठी ही गोष्ट जास्त गंभीर आहे, आणि त्याचं कारण पुण्यात सापडतं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्यात 21.2 टक्के. दिसायला बारीक पण आतून चरबीचा, हा भारतीय देह त्या एका चित्राने जगाला दाखवला. ते चित्र मधुमेहाच्या संदर्भात गाजलं. मला ते कॅन्सरच्या संदर्भात आठवतं. कारण कळंबच्या माणसाची आणि कोपनहेगनच्या माणसाची गाठ एकाच मापाची असली तरी झिजायला सुरुवात होताना स्नायूंची पुंजी आपल्या माणसाकडे मुळात कमी असते. जाळं ओढणाऱ्या, वाडीत पाणी शेंदणाऱ्या हातांचीही वयाच्या साठीनंतर हीच कथा.

आता उपासमार नेमकी कुठून होते ते पाहू. अन्ननलिकेची गाठ असेल तर आधी भाकरी अडते, मग भात, मग पेज, शेवटी पाणी. माणूस बोलत नाही, घास लहान करतो, पाण्याबरोबर ढकलतो, आणि घरच्यांच्या लक्षात येईतो चार-सहा किलो गेलेले असतात. जठराच्या कॅन्सरमध्ये चार घासांत पोट भरल्यासारखं वाटतं. आतड्यात अडथळा असेल तर खाल्ल्यावर पोट फुगून कळा येतात, म्हणून खाण्याचीच भीती बसते. स्वादुपिंडाची गोष्ट वेगळी आणि जास्त फसवी. माणूस नीट जेवतो, तरी वाळतो. पाचकरस आतड्यात पोचत नाहीत, स्निग्ध पदार्थ न पचता बाहेर पडतात. शौच तेलकट, फिकट, पाण्यावर तरंगणारं होतं, धुतल्याने जात नाही. यावर पाचकरसाच्या कॅप्सूल मिळतात, आणि त्या जेवणानंतर नव्हे तर जेवणाबरोबरच, घासांच्या मध्ये घ्यायच्या असतात. एवढी एक सूचना नीट न मिळाल्याने गोळ्या वाया जातात आणि माणूसही. पित्तनलिका तुंबली की कावीळ, खाज आणि अन्नाची शिसारी.

हे झालं नळाचं आणि पाइपाचं काम. आत त्याहून गहन काही चाललेलं असतं. गाठ आणि तिच्याशी झुंजणारी प्रतिकारशक्ती दोन्ही मिळून रक्तात दाहकारक रसायनं सोडतात. त्यांतल्या एकाला आधी ‘कॅकेक्टिन’ असंच नाव पडलं होतं. 1985 साली ब्रूस ब्यूटलर आणि अँथनी सेरामी यांच्या कामातून कळलं की हे आणि गाठी मारणारं म्हणून ओळखलं जाणारं ‘ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर’ एकच. अलीकडे जीडीएफ-15 नावाच्या प्रथिनावर लक्ष गेलं आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या एका ठरावीक जागी ते जाऊन बसतं, आणि भूक मरते, मळमळ वाढते. ही रसायनं स्नायूंच्या पेशींना एकच हुकूम देतात: स्वतःला मोडा. मोडलेल्या स्नायूंतून निघालेली अमिनो आम्लं यकृतात जातात, त्यांची साखर होते. साध्या उपासात शरीर पुढे पुढे चरबी जाळून स्नायू वाचवतं. इथे ती शहाणीव हरपते. म्हणून कॅन्सरच्या रुग्णाला नुसतं भरवून पूर्ववत करता येत नाही, हे मान्य करायलाच हवं. पण म्हणून भरवूच नये, हा निष्कर्ष कुठून आला?

त्यात भर घालते ती आपली माया. ‘उठू नकोस, पडून राहा, आराम कर.’ 2007 साली अमेरिकेत धडधाकट वृद्धांना दहा दिवस नुसतं अंथरुणावर ठेवलं. रोग काही नाही, जेवण व्यवस्थित. दहा दिवसांत त्यांच्या पायांचं जवळजवळ एक किलो स्नायूद्रव्य गेलं. निरोगी माणसाचं हे, तर केमोच्या दोन फेऱ्यांमधल्या तीन आठवड्यांत खाटेवरच बसवून ठेवलेल्या आजोबांचं काय होत असेल?

स्नायू गेले तर नुसती ताकदच जाते असं नाही. केमोचा डोस साधारणपणे उंची-वजनावरून काढलेल्या शरीराच्या क्षेत्रफळावर ठरतो. पचनमार्गाच्या कॅन्सरमध्ये नेहमी दिल्या जाणाऱ्या फाइव्ह-एफयूसारख्या औषधाला शरीरात पसरायला मात्र चरबीविरहित भाग लागतो. एकाच वजनाच्या दोघांत ज्याचे स्नायू कमी, त्याच्यावर तोच डोस जड पडतो. तोंड जास्त येतं, जुलाब जास्त, पांढऱ्या पेशी जास्त उतरतात. मग डोस कमी करा, फेरी पुढे ढकला, आणि रोगाला तेवढी सवड द्या. शस्त्रक्रियेतही तेच. जखम भरत नाही, शिवलेलं आतडं गळतं, न्यूमोनिया होतो. खोकून कफ काढायलासुद्धा स्नायूच लागतात.

आता स्वयंपाकघरात येऊ, कारण खरी लढाई तिथे आहे. युरोपातल्या ‘एस्पेन’ या पोषणतज्ज्ञांच्या संस्थेचं मार्गदर्शन असं की कॅन्सरच्या रुग्णाला रोज दर किलो वजनामागे 25 ते 30 किलोकॅलरी आणि एक ग्रॅमहून जास्त, जमल्यास दीड ग्रॅमपर्यंत प्रथिनं मिळावीत. निरोगी भारतीय प्रौढासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 साली सुचवलेला आकडा 0.83 ग्रॅम आहे. म्हणजे साठ किलोच्या निरोगी माणसाला पन्नास ग्रॅम, आणि त्याच वजनाच्या रुग्णाला साठ ते नव्वद. आजारी पडल्यावर प्रथिनं वाढायला हवीत. आपण काय करतो? ‘हलकं’ देतो. पेज, मऊ भात, शहाळं, मोसंबीचा रस, साबुदाण्याची खीर, वरणाचं वरचं पाणी. या ‘हलक्या’ दिवसाची बेरीज मी एकदा आहारमूल्यांचे तक्ते घेऊन मांडून पाहिली. दोन वाट्या पेजेत प्रथिनं तीन-चार ग्रॅम, पातळ वरणाच्या वाटीत चार, दोन कप चहाच्या दुधात तीन-चार, बिस्किटांत दोन. शहाळ्यात आणि मोसंबीच्या रसात नावापुरती. साबुदाणा तर निव्वळ पिष्ट. सगळं मिळून पंधरा ग्रॅमच्या आसपास. गरजेच्या पाव हिस्साही नाही. वाटी भरलेली असते, म्हणून वाढणारी समाधानी असते. खाणारा मात्र रोज स्वतःचे स्नायू खर्चून उरलेली तूट भरून काढतो.

हीच बेरीज वसईच्या किनारपट्टीवर सहज फिरवता येते. दोन अंडी म्हणजे बारा ग्रॅम. अर्धा लिटर दूध, मग ते दही किंवा खिरीच्या रूपात असो, सोळा. शंभर ग्रॅम मासा अठरा ते वीस. घट्ट वरणाची वाटी सात, मूठभर भाजलेल्या दाण्यांचं कूट सात. झाले साठ. कोळंबी, बोंबील, बांगडा इथल्या घरांना सांगायची गरज नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हाही सुकं असतंच. सुक्या बोंबलात आणि सुक्या जवळ्यात शंभर ग्रॅमला साठेक ग्रॅम प्रथिनं असतात, कारण पाणी उडून गेलेलं असतं. एवढं सुकं कुणी खात नाही आणि खारवलेलं असेल तर मिठाचाही प्रश्न येतो. पण जवळा धुऊन, भाजून, कुटून मऊ भातात दोन चमचे घातला तर तो भात पेजेपेक्षा कितीतरी भारी पडतो. शाकाहारी घराला दाण्याचं कूट, दुधाची पावडर, पनीर, सोयाबीन आणि डाळीचं घट्ट धिरडं आहे. घास लहान आणि वेळा जास्त, दर दोन-अडीच तासांनी. रुग्णाला भूक असते ती सकाळी, म्हणून मोठा आहार सकाळी. तोंड कडू झालं असेल तर लिंबू, आमसूल, थोडं लोणचं. वास नकोसा झाला असेल तर पदार्थ गार करून द्यावा. आणि उपास, मग तो श्रावणातला असो की ख्रिस्ती घरातल्या उपवासकाळातला, आजाऱ्याला माफ असतो, हे भटजी आणि फादर दोघेही सांगतील.

एक सावधगिरी मात्र आवश्यक. पाच दिवस किंवा जास्त ज्याच्या पोटात जवळजवळ काही गेलं नाही, त्याला एकदम भरपेट भरवू नये. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या उपाशी कैद्यांच्या बाबतीत डॉक्टरांनी हे पाहिलं: अन्न मिळताच रक्तातलं फॉस्फेट कोसळलं, हृदय बंद पडलं. अशा रुग्णाला पहिले दोन दिवस गरजेच्या निम्म्यापेक्षा जास्त द्यायचं नसतं, आणि जीवनसत्त्व बी-1 आधी द्यायचं असतं. हे काम घरचं नाही, डॉक्टरांच्या देखरेखीचं.

‘साखर खाल्ली की कॅन्सर वाढतो’ या समजाने जेवढं नुकसान केलं तेवढं क्वचितच दुसऱ्या कशाने केलं असेल. मूळ धागा खरा आहे. ओटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने 1920च्या दशकात दाखवलं की कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज अधाशासारखं वापरतात. पण तिथून ‘गूळ, भात, फळं बंद’ इथवरची उडी कुणी मारली ते ठाऊक नाही. वरचं वाचलं असेल तर लक्षात येईल: बाहेरून साखर तोडली तर यकृत ती स्नायू मोडून बनवतं. गाठीचं काही अडत नाही, दंडाची बेडकुळी तेवढी जाते. मधुमेह असेल तर पथ्य वेगळं, ते डॉक्टर सांगतील. पण नातेवाइकाच्या मोबाइलवर आलेल्या संदेशावरून भात तोडणं आणि वर गव्हांकुराचा रस, लक्ष्मणफळाच्या पानांचा काढा पाजणं, ही स्वस्तातली उपासमार आहे. तसाच दुसरा गैरसमज अल्ब्युमिनचा. रक्तात अल्ब्युमिन कमी दिसलं की ‘पोषण कमी’ असं मानून महागड्या बाटल्या चढवल्या जातात. अमेरिकेतल्या पोषणतज्ज्ञांच्या ‘अ‍ॅस्पेन’ या संस्थेने 2021च्या आपल्या भूमिकेत स्पष्ट सांगितलं आहे की हा आकडा मुख्यतः दाह किती आहे ते सांगतो. पोषणाचं माप म्हणून तो वापरू नये.

उपायांचा पुरावा किती? सरसकट शिरेतून अन्न देणं फारसं फायद्याचं ठरलं नाही. 1991 साली अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतल्या चाचणीत शस्त्रक्रियेआधी असं पोषण दिलं, तर फक्त अतिकुपोषितांना लाभ झाला. बाकीच्यांत संसर्गच वाढले. तेव्हापासूनचा नियम असा की आतडं चालत असेल तर आतडंच वापरा. तोंडाने जात नसेल तर नाकातून नळी, किंवा पोटावरून थेट लहान आतड्यात नळी. या नळीला घरोघरी भारी विरोध असतो, ‘आता नळीवर आला’ म्हणजे संपलं अशी समजूत असते. अन्ननलिकेच्या रुग्णाच्या बाबतीत ती बऱ्याचदा अगदी उलटी गोष्ट असते. नळी घातल्यामुळेच तो शस्त्रक्रियेपर्यंत पोचतो.

साध्या आहारसल्ल्याचा पुरावा आश्चर्य वाटावं इतका चांगला आहे. स्वित्झर्लंडच्या आठ रुग्णालयांत झालेल्या ‘एफर्ट’ चाचणीत प्रत्येक रुग्णाचं लक्ष्य ठरवून आहारतज्ज्ञाने त्याच्या आवडीचं अन्न दिलं. त्यातल्या 506 कर्करुग्णांमध्ये तीस दिवसांतले मृत्यू 19.9 टक्क्यांवरून 14.1 टक्क्यांवर आले. आपल्या विषयाला याहून जवळची चाचणी चीनमधली, 2021 सालची. पसरलेल्या अन्ननलिका-जठराच्या कॅन्सरच्या 328 रुग्णांपैकी काहींना केमोबरोबर पहिल्यापासून पोषण आणि मानसिक आधार दिला गेला. मध्यक आयुष्य 11.9 महिन्यांचं 14.8 झालं. तीन महिने. कोट्यवधी खर्चून बनवलेल्या कित्येक औषधांनी एवढंही दिलेलं नाही.

औषधांच्या आघाडीवर आनंदाची बातमी आपल्याच देशातून आली. पुद्दुचेरीच्या ‘जिपमेर’ संस्थेने 124 रुग्णांवर केलेली चाचणी 2023 साली प्रसिद्ध झाली. जठर, स्वादुपिंड, यकृत-पित्तमार्ग आणि फुप्फुसाचे वाढलेले कॅन्सर असलेल्यांना ओलान्झापिन हे मनोविकारांवरचं जुनं, स्वस्त औषध रोज अडीच मिलिग्रॅम दिलं. बारा आठवड्यांत पाच टक्क्यांहून जास्त वजन वाढलं ते औषध घेणाऱ्यांपैकी 60 टक्के जणांत, नुसती कोरी गोळी घेणाऱ्यांपैकी 9 टक्के जणांत. त्याच वर्षी अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या मार्गदर्शनात हे औषध घेतलं. जपानने 2021 साली याच झिजेवरच्या अ‍ॅनामोरेलिन या औषधाला परवानगी दिली, आणि 2024 साली जीडीएफ-15ला अडवणाऱ्या पॉन्सेग्रोमॅबच्या 187 रुग्णांवरच्या चाचणीत वजन वाढलेलं दिसलं. पण वजन वाढणं आणि स्नायू वाढणं यांत अंतर आहे. व्यायाम, आहार आणि दाहशामक औषध एकत्र वापरणाऱ्या ‘मेनॅक’ चाचणीत वजन टिकलं, स्नायू आणि रोजचं चालणं यांत मात्र फरक पडला नाही. यश इतपतच आहे, ते फुगवून सांगू नये. चालण्याबद्दल मात्र 2025 साली ‘चॅलेंज’ चाचणीने ठोस काही दिलं. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया आणि केमो झालेल्या 889 जणांपैकी ज्यांनी तीन वर्षं शिस्तीने व्यायाम केला, त्यांपैकी 80.3 टक्के पाच वर्षांनी रोगमुक्त होते. ज्यांना नुसती माहितीपुस्तिका मिळाली, त्यांच्यात 73.9 टक्के. कळंबला समुद्रकिनारा दाराशी आहे. शनिवार-रविवार पर्यटकांनी भरलेला असतो. सोमवारी सकाळी रिकामा असतो.

जठर काढलेल्या माणसाची झीज शस्त्रक्रियेनंतरही चालू राहते, हे फार घरांना सांगितलं जात नाही. पोटाची पिशवीच नाही, म्हणून दिवसातून सहा लहान जेवणं, गोड एकदम नाही, जेवताना पाणी कमी. आणि बी-12 जीवनसत्त्व आयुष्यभर बाहेरून, बहुधा इंजेक्शनने, कारण ते शोषायला लागणारा घटक जठरातच बनतो.

तिसऱ्या पायरीवरच्या रुग्णाबद्दलही बोललं पाहिजे. तिथे भरवण्याचा आग्रह हा छळ ठरतो. बायको वाटी घेऊन उभी, नवरा तोंड फिरवतो, दोघांच्याही डोळ्यांत पाणी. शेवटच्या दिवसांत शरीर अन्न मागत नाही, त्याला भूकही छळत नाही. तोंड ओलं ठेवणं, ओठांना लोणी लावणं, आवडीचा एखादा घोट देणं पुरतं. वांद्र्याला 1986 साली सुरू झालेलं शांती अवेदना सदन हे देशातलं पहिलं हॉस्पिस. तिथून सुरू झालेल्या विचाराने हे आपल्याला शिकवलं. पण पहिल्या पायरीवरच्या माणसाला तिसरीचं तत्त्वज्ञान लावू नये, आणि तिसरीवरच्याला पहिलीची घाई.

शासनाच्या दारातली गोष्ट शेवटी. क्षयरोग हाही खंगवणारा आजार, नावातच क्षय आहे. केंद्र सरकारने 2018 साली निक्षय पोषण योजना आणून क्षयरुग्णाला उपचार चालू असेपर्यंत महिना 500 रुपये खात्यात द्यायला सुरुवात केली, नोव्हेंबर 2024 पासून ते 1,000 झाले. झारखंडमधल्या ‘रेशन्स’ अभ्यासाने 2023 साली दाखवलं की क्षयरुग्णाला धान्य-डाळ दिली आणि पहिल्या दोन महिन्यांत वजन पाच टक्के वाढलं, तर मृत्यूचा धोका 61 टक्क्यांनी कमी दिसला. पोषण हे औषध आहे, हे आपल्या सरकारने तत्त्वतः मान्य केलेलंच आहे. कर्करुग्णासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. ती शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन अशा पॅकेजांवर चालते, आणि तिच्यामुळे हजारो घरं कर्जातून वाचली. त्याच पॅकेजमध्ये आहारतज्ज्ञाची भेट आणि उपचारांच्या काळातला पोषणाचा हप्ता घालायला काय हरकत आहे? ज्याच्या ऑपरेशनवर सरकार लाखभर रुपये खर्चते, तो त्या ऑपरेशनपर्यंत पायावर चालत पोचावा, एवढी तर त्या पैशांचीही अपेक्षा असेल.

तोवर घरी करता येण्यासारखं थोडं. पचनमार्गाचा कॅन्सर असल्याचं कळलं त्या दिवसापासून दर आठवड्याला एकाच काट्यावर, एकाच वेळी वजन घ्या आणि तारखेसह वहीत लिहा. शिंप्याकडच्या टेपने पोटरीचा सर्वांत जाड भाग मोजा. आशियाई तज्ज्ञगटाच्या 2019च्या निकषांप्रमाणे पुरुषाची पोटरी 34 सेंटिमीटरच्या आत आणि बाईची 33च्या आत असेल तर स्नायू कमी असल्याची शंका घ्यावी. पायाला सूज असेल तर हे माप खोटं पडतं. रुग्णाला हात छातीशी बांधून खुर्चीवरून सलग पाच वेळा उठबस करायला सांगा. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर तेही लिहा. गावातल्या आशाताईंनाही हे सगळं जमण्यासारखं आहे. पुढच्या वेळी परळला जाल तेव्हा फाईलबरोबर ही वही न्या, सोबत उकडलेली दोन अंडी नाहीतर दाण्याचे लाडू बांधून घ्या, रक्ताची तपासणी खरंच उपाशीपोटी हवी आहे का ते आधी फोन करून विचारा, आणि डॉक्टरांनी न विचारताही वही त्यांच्यासमोर उघडून ठेवा.